पाठमोरी कवटी

रिसालीच्या वसुंधराबाई अकरा वर्षं एका मेडिकल कॉलेजात हाडं पुसत होत्या. नवरा स्टील प्लांटमधून रिटायर व्हायच्या आधीच गेला, तेव्हापासून. हाडांचं भय त्यांना कधी वाटलं नाही. एक लहान कवटी तेवढी खटकायची. संध्याकाळी तिचं तोंड काचेकडे करून त्या कपाटाला कुलूप लावत, किल्ली कमरेला खोचत. सकाळी येऊन पाहावं, तर कवटी पाठमोरी. डोक्यामागच्या सांध्यात हाडाचे बारीक बारीक तुकडे, डावीकडे एक बदामाएवढा, जणू फुटलेलं मडकं कोणी बसून जोडलंय.

एके साली त्यांच्या तीन वर्षांच्या नातीचा, समीक्षाचा, हात तिसऱ्यांदा मोडला. पलंगावरून नुसती घसरली होती. डॉक्टरांनी तिच्या बापाकडे, परागकडे, रोखून पाहिलं. "घरात कोणी मारतं का?" खरं सांगायचं तर वसुंधराबाईंच्याही मनात पाल चुकचुकली. पोटचा पोरगा, पण त्यांनी नातीचं अंथरूण आपल्याजवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी कवटी पुन्हा पाठमोरी. या वेळी त्यांनी ती शिकवणाऱ्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"मॅडम, हे लेकरू कायनं गेलं असंल?"

मॅडमनी कवटी उचलली. "ही जास्तीची हाडं. एखाददुसरं कोणाच्याही डोक्यात असतं, त्याचा त्रास नसतो. एक्स-रेत फक्त फ्रॅक्चरसारखं दिसून फसवतं. पण इतकी असली, की हाडं ठिसूळ असल्याचा संशय घ्यायचा. अशा पोरांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पुष्कळदा निळसर असतो."

समीक्षाच्या डोळ्यांतल्या निळसर झाकेचं सगळ्या मोहल्ल्याला कौतुक होतं.

रायपूरला डोक्याचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि वसुंधराबाई पुढे वाकल्या. कपाटातल्या कवटीवरचीच नक्षी. डावीकडचा बदामाएवढा तुकडासुद्धा तिथंच.

परतून कपाट उघडलं, तर कवटीचं तोंड काचेकडे होतं. त्यानंतर ती कधी वळली नाही.

समीक्षाचं औषध सुरू झालं, दर काही महिन्यांनी सलाइनमधून. पुढच्या वर्षी पाय मोडला, पण बापाकडे कोणी रोखून पाहिलं नाही.

एका दुपारी वसुंधराबाईंनी कबूल केलं, "पराग, मले तुयावर शक आला होता रे."

"मालूम होतं, माय." लेकीचा प्लास्टरचा पाय तो अलगद उशीवर ठेवत होता. "तू मले तिले उचलूच देऊन नव्हती राहिली."