ग्रॅनाइटवर म्हैस उभी राहत नाही

“ताई, दिवाळीपर्यंत बघतो. मग शटर खाली आणि मी पुण्याला, पोराकडं,” रफिकभाई म्हणाले आणि शिलाई मशीनवर पुन्हा वाकले. शिवायला मात्र काही नव्हतं. चिंधीवर उगाच टीप मारत बसले होते.

त्यांचा गाळा ज्या इमारतीत, तिची आर्किटेक्ट मी. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर. पूर्वी तिथं पत्र्याची बैठी दुकानं होती, रफिकभाईंचं त्यातलंच एक. ती पाडून बिल्डर सुजितरावांनी चार मजली कॉम्प्लेक्स बांधलं. खाली सहा गाळे, वर फ्लॅट. गाव वाढत नाही, पोरं पुण्याला जातात, पेठा ओस पडतात, असं सगळे म्हणत होते. एक चांगली इमारत उभी राहू दे, पेठेत पुन्हा जान येईल, असं मी म्हणत होते. चारचौघांत छाती काढून म्हणत होते. वर्ष झालं तरी पाच गाळे बंद. सहाव्यात रफिकभाई.

सुजितरावांनी तोडगा काढून ठेवला होता. “मॅडम, एका पार्टीला खालचा सगळा मजला गोडाऊनला पायजे. रफिकभाई गेलं की देऊन टाकतो.”

“पेठेच्या तोंडावर गोडाऊन?”

“मग काय करू? गिऱ्हाईक काय दोरीला बांधून आणू?”

मला राग आला. त्यांचा कमी, माझा जास्त. दिवाळीपर्यंत कशालाही हात लावू नका, असं सांगून मी उठले.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी रफिकभाईंच्या गाळ्यात स्टूल टाकून बसू लागले. चार दिवसांत एक गोष्ट दिसली. माणसं तिकटीवर येत होती, पण थांबत नव्हती. गाडीवरून यायची, वळायची, निघून जायची. पार्किंग कमी पडतंय का? बोर्ड दिसत नाही का? वहीत सगळं लिहून झालं. शेवटी जे पहिल्या दिवशी विचारायचं ते विचारलं.

“रफिकभाई, जुन्या दुकानात गिऱ्हाईक कुठून यायचं?”

“कुठनं म्हंजे? दुधाला यायचं की.”

कोल्हापुरात संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन पेठेत येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. तालमीतली पोरं, नातवाला घेऊन आलेले आजोबा, ऑफिसातून परतणारे, सगळे कट्ट्यावर बसून आपल्या नंबराची वाट बघतात. आमच्या तिकटीवर मारुतीमामांच्या चार म्हशी असायच्या. नंबर येईपर्यंत कुणी रफिकभाईंकडे पँट आखूड करायला टाकायचं, कुणी शेजारी चप्पल शिवून घ्यायचं. मी त्याच पेठेत वाढले, तेच दूध पिऊन. आणि नकाशा काढताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. आजही सांगताना लाज वाटते.

“मग म्हशी गेल्या कुठं?”

रफिकभाईंनी दाराबाहेर बोट दाखवलं. “तुमची फरशी.”

रस्ता आणि इमारत यांच्यामध्ये नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते. तिला आम्ही फ्रंट मार्जिन म्हणतो. तिथं मी आरशासारखा ग्रॅनाइट लावला होता, कडेनं फुलझाडांच्या कुंड्या. पहिल्याच संध्याकाळी मामांची म्हैस त्यावर घसरून गुडघ्यावर पडली. मामा म्हशी घेऊन गेले ते गेलेच. हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं, आर्किटेक्टला सोडून.

मी सुजितरावांना गाठलं. ग्रॅनाइट काढायचा, टाकीचे घाव घालून खरबरीत केलेला काळा दगड बसवायचा. कुंड्यांच्या जागी दगडी कट्टा. भिंतीला म्हशी बांधायला कड्या, धुवायला नळ, पाणी वाहून जायला उतार.

“कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालंय मॅडम. आता म्हशीसाठी फरशी फोडू? लोक हसतील मला.”

“लोक आत्ताच हसतायत. तुमच्यासमोर हसत नाहीत, एवढंच.”

ते स्वतःच हसले. मग म्हणाले, “मी बी तिथलंच दूध प्यालोय. फोडा.”

वरच्या फ्लॅटवाल्यांनी वासाची तक्रार केली. मी दोनदा जिने चढले, गटाराचा नकाशा दाखवला, रोज जागा धुतली जाईल असं लिहून दिलं. दगड बसला. मग मामांकडे गेले. ते जागेवरून उठले नाहीत.

“म्हस एकदा पडली की ती जागा इसरत न्हाय, पोरी. हुबी ऱ्हायली तरी पान्हा चोरती.” म्हणजे दूध आत रोखून धरते.

“मग काय करायचं?”

“माती टाका चार-पाच पाट्या. आठ दिस नुसती आणून हुबी करतो. धार न्हाय काढायची.”

नव्या कोऱ्या दगडावर माती. सुजितरावांनी कपाळावर हात मारला. पहिली पाटी मी स्वतः ओतली.

पहिल्या दिवशी म्हैस रस्त्याच्या कडेलाच अडून बसली. मागं गाड्यांचे हॉर्न, मामांच्या शिव्या. तिसऱ्या दिवशी तिनं पुढचे दोन पाय मातीवर ठेवले. मी रोज जात होते. नवव्या दिवशी, सातच्या सुमाराला, बादलीत धारेचा आवाज आला. रफिकभाई गळ्यात टेप घेऊन बाहेर येऊन उभे राहिले. माझे डोळे भरले, ते त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

दिवाळी होऊन गेली. आता सहापैकी तीन गाळे चालू आहेत. बाकीचे तीन अजून बंदच, पण गोडाऊनचा विषय मिटला. नवीन बांधकामानं जुनी पेठ जगते का, असं कॉलेजची मुलं मला विचारतात. मी सांगते, आधी ती कशावर जगत होती ते बघून बांधा. हल्ली पेठेतलं काम घेतलं की पेन्सिल उचलण्याआधी आठ संध्याकाळी तिथं जाऊन बसते.

परवा रफिकभाईंचा फोन आला. आवाज चढलेला.

“ताई, गिऱ्हाईक दुधाचा ग्लास घेऊनच आत येतंय. काल नवरदेवाच्या कोटावर सांडलं. दाराशी ग्लास ठेवायला एक फळी मारून द्या की.”

“देते. किती दिवसांत पाहिजे?”

“सावकाश द्या. मी काय कुठं जात न्हाय.”