फिरायला जाण्याचा अर्ज

आज सकाळी एका तरुण जोडप्याने माझ्या टेबलावर हेल्मेट ठेवले आणि त्यातल्या घामाच्या वासाने मला फार पूर्वीचे एक जोडपे आठवले. रायपूर तेव्हा नुकतेच छत्तीसगडची राजधानी झाले होते. सरकारी कचेरीबाहेर कडुलिंबाखाली मी लोकांचे अर्ज लिहीत असे, आणि मी लिहिलेला अर्ज सहसा फेटाळला जात नसे. रेल्वेतील एक पन्नाशीचे गृहस्थ पत्नीसह आले. मोटारसायकलने भूतानचे पहाड पाहायचे, म्हणून गाडी सीमेपलीकडे नेण्याच्या परवानगीचा अर्ज हवा होता. "काहून जाऊन राहिले?" मी विचारले. "फिरायले, भैया," बाई हसल्या. "हे लग्नापासून सांगून राहिले, आता कुठं ह्यायले रजा भेटली." मला संशय आला. या वयात, एवढ्या दूर, दुचाकीवर नुसते फिरायला कोण जाते? नक्कीच काहीतरी लपवत होते. शिवाय सबळ कारणाविना अर्ज मंजूर होत नाही, हा माझा अनुभव. म्हणून मीच लिहिले, 'पत्नीच्या दुर्धर आजारावरील उपचारार्थ.' त्यांनी विश्वासाने न वाचताच सही केली. काही दिवसांनी दोघे धुळीने माखून परतले. आजारी बाईला दुचाकीवर घाटात सोडता येत नाही, असे सांगून सीमेवरूनच त्यांना परत पाठवले होते. "रजा संपली न भैया," बाई म्हणाल्या. "पहाड दुरूनच पाह्यले. मी कुठून बीमार दिसली तुमाले?" आजच्या तरुणाने नेपाळला जाण्याचे कारण सांगितले, "घूमने." मी तेवढेच लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच सही घेतली. तरीही त्याची पत्नी खरोखर ठणठणीत आहे ना, हे मी दोनदा निरखून पाहिलेच.