जांभई मावशी

जांभई मावशी माणसाच्या तोंडासमोर खुशाल जांभई देत असे. हाताआड दडवलेली, अर्धवट जांभई नव्हे. चांगली जबडा उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इथे श्रूजबरी गावात तुमच्या अनघाआत्याच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा मी दाराशी "या, बसा" म्हणत होते आणि उत्तरादाखल तिनं जांभई दिली. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात कुणी जांभई दिली, तर सिस्टर तिला तास संपेपर्यंत उभं करत. मी मावशीला मनातल्या मनात थेट बाकावर उभं केलं.

वेद, सानिका, तिचं हे नाव तुम्हीच ठेवलंत. व्हिडिओवर तुम्ही तिला पाहिलंत, तिनं जांभई दिली आणि तिकडे जर्सी सिटीत तुम्हा दोघांनाही लागोपाठ जांभया आल्या. आता तुमच्याकडे पिल्लू येणार, म्हणून परवा सानिका मला म्हणाली, "आजी, यू आर सो ब्रेव्ह विथ डॉग्ज." बाळा, मी ब्रेव्ह नाही. कधीच नव्हते. म्हणून तर हे लिहिते आहे.

लहानपणी सांगलीला शाळेतून येताना माझ्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. त्यावरची इंजेक्शनं त्या काळी पोटात देत. तेव्हापासून रस्त्याच्या पलीकडे कुत्रं दिसलं तरी माझा श्वास छातीत अडकतो. आणि अनघाकडे कायमची राहायला आले, तर घरात भिंगरी! काळी, धिप्पाड आणि नावाला जागणारी. बेल वाजली की ती स्वतःभोवती गरगर फिरायची, भुंकायची आणि समोर येईल त्याच्या अंगावर झेप घ्यायची. चावायची नाही. तो आनंदच असायचा. पण एवढा थोरला आनंद अंगावर आला की माणूस पडतं. मी पडले. बुटांच्या रॅकवर मनगट आपटलं आणि हात प्लास्टरमध्ये गेला.

"आई, पुन्हा असं झालं तर मी तिला कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये परत देते," अनघा म्हणाली. आवाज सरळ होता, पण भिंगरीकडे ती बघत नव्हती. भिंगरीला आधीच दोन घरांनी परत केलं होतं. पुन्हा परत आलेलं एवढं मोठं कुत्रं कोण नेणार? आणि मी येण्याआधी अनघा हॉस्पिटलातून दमून रिकाम्या घरी यायची, तेव्हा दारात हीच असायची. मला भिंगरी नकोच होती. पण अनघाचं ते न बघणं मला सोसेना. "एकदा कुत्र्यांना शिकवणाऱ्या कुणाला तरी विचारून तर बघ," मीच म्हणाले.

असं मावशीचं येणं झालं. मूळची नागपूरची. आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि शनिवार-रविवार लोकांची कुत्री. पहिल्या दिवशी तिनं पट्ट्याला ओढ देत नाचणाऱ्या भिंगरीकडे पाहिलंच नाही. पाहिलं माझ्याकडे.

"काकू, तुम्ही श्वास रोखून राहिल्या न?"

"मी? छे गं."

"मग सोडा बरं."

सोडला, तेव्हा कळलं की केव्हाचा रोखलेला होता.

"ती तेच पाहून राहिली. तिला वाटते, काकू एवढ्या ताठ झाल्या म्हणजे आता काहीतरी मोठं होणार. मग ती बिचारी तयारीला लागते."

मावशी कधी ओरडायची नाही. "शांत हो, शांत हो म्हणून बोंबललं तर कोणी शांत होते का?" असं ती म्हणे. भिंगरी गरगरायला लागली की मावशी अंग तिरकं करायची, नजर दुसरीकडे न्यायची आणि जांभई द्यायची. कुत्र्यांमध्ये त्याचा अर्थ, भांडण नाही, घाई नाही. "घाबरलेलं कुत्रंही देते बरं जांभई," ती एकदा सहज म्हणाली. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. भिंगरीचे चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच चीजचा बारीक तुकडा. आणि एकदा चांगलं झालं की धडा तिथेच संपायचा. अनघा म्हणायची, "आणखी एकदा करू या ना, आत्ताच जमतंय." मावशी पर्स उचलून उभी. "जमलं की थांबायचं. आणखी करायला गेलं की बिघडते."

जांभई द्यायला मलाही शिकावं लागलं. घरात दिवसभर भिंगरीबरोबर मीच असणार होते. पण माझी एक अडचण होती. जांभई आली की माझी बोटं आपोआप तोंडासमोर चुटकी वाजवतात. पहिल्याच धड्याला मी कशीबशी जांभई दिली, चुटकी वाजली आणि निवत आलेली भिंगरी ताडकन उडाली. मी भिंतीला चिकटले.

"अहो काकू, चुटकी काहून?"

"जांभईवर वाजवायची असते. नाहीतर आयुष्य कमी होतं, असं माझी आजी म्हणे. तुझ्या नागपुरात बाळाला जांभई आली की कुणी वाजवत नाही का?"

मावशी खो खो हसली. "वाजवते न बाप्पा! जाऊ द्या. तुमची सवय काही आता जात नाही. तिलाच शिकवू चुटकीचा अर्थ." मग हॉलच्या कोपऱ्यात माझी एक जुनी गोधडी अंथरली गेली. मी जांभई द्यायची, चुटकी वाजवायची आणि अनघानं लगेच गोधडीवर चीज टाकायचं. हळूहळू चुटकी ऐकली की भिंगरी गोधडीवर जाऊन पोट टेकायला लागली. पण बेल वाजली की सगळं विसरायची. आणि मी तर ती पट्ट्यात किंवा हॉलच्या जाळीआड असली, तरच दाराजवळ जायचे.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मावशी वेळेआधीच आली. अनघा तळघरात कपडे धुवायच्या मशीनपाशी होती. बेल वाजली, मी दार उघडलं आणि मग पाहिलं, हॉलच्या तोंडाशी लावलेली जाळी सताड उघडी. भिंगरी सुटली होती. मावशीच्या मागे पायऱ्यांवर बर्फ गोठून काच झाली होती. मला सगळं एकदम दिसलं. भिंगरी झेप घेणार, आम्ही दोघी त्या पायऱ्यांवर कोसळणार आणि संध्याकाळी अनघा तिला गाडीत बसवून घेऊन जाणार. माझा श्वास अडकला. जांभई द्यायची हे आठवत होतं, पण तोंड कोरडं पडलेलं, जबडा हलेना. मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिनं मान बाजूला वळवली आणि जांभई दिली.

ती जांभई मला लागली. जबडा आपोआप उघडला, छातीतला श्वास बाहेर पडला आणि जन्मभराच्या सवयीनं बोटं वाजली. भिंगरीचे पुढचे पाय उचललेले होते. ते खाली आले. एक गिरकी घेऊन ती वळली आणि गोधडीवर जाऊन बसली, शेपूट आपटत, चीजसाठी माझ्याकडे बघत. ते चीज मी तिला हातानं दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

चहा घेताना मी म्हणाले, "तू मात्र किती शांत होतीस!"

"शांत?" मावशीनं कप बशीत ठेवला. "काकू, ती जांभई धड्यातली नव्हती. आपोआप आली. भेले होते मी."

"तुला कुत्र्यांची भीती वाटते?"

"नवीन घराच्या दारात उभी राहिली की दरवेळी वाटते. आत काय आहे, कोणाला माहीत?"

"मग करतेस कशाला हे?"

"भीती गेल्यावर करू म्हटलं असतं न, तर अजून नागपुरातच बसले असते."

मला तिची पहिल्या दिवशीची, दारातली जांभई आठवली. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

भिंगरी राहिली. मावशीच गेली. पुढच्या हिवाळ्याआधी तिची नोकरी सुटली आणि दुसरी मिळाली ती लांब प्लेनो शहरात. सामानानं भरलेली गाडी घेऊन ती निरोपाला दारात आली. आत ये म्हटलं तर येईना. "तिथे म्हणे कुठंही जा, हायवेवरूनच जावं लागते. आणि बॉस माझ्याहून वीस वर्षांनी लहान," म्हणत हसली. हसता हसता तिला जांभई आली. चांगली जबडा उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बाळाला स्वतःची चुटकी वाजवता येत नाही. ती मोठ्या माणसानं वाजवायची असते. मी हात पुढे केला आणि तिच्या तोंडासमोर चुटकी वाजवली.

मागे हॉलमध्ये भिंगरीनं गोधडीवर धप्पकन बसकण मारली.

"चीज द्या तिला, काकू," मावशी म्हणाली. "जा, आधी द्या."

मी आत जाऊन चीज दिलं. परत दारात आले तोवर गाडी कोपऱ्यावर वळत होती. मी श्वास रोखून उभी आहे, हे जरा वेळानं लक्षात आलं. मग सोडला.