शिष्यवृत्तीची घरभेट

"दे सीम क्वाइट कम्फर्टेबल," बाहेरच्या खोलीत मॅडम सरांना हळूच म्हणाल्या.

मी पडद्याच्या आत ओट्याशी उभी राहून शिऱ्याच्या बशा ट्रेमध्ये लावत होते. दोन खोल्यांच्या घरात हळू बोललेलंही ऐकू येतं. आईला कळू नये म्हणून त्या इंग्रजीत बोलल्या असाव्यात. मला मात्र इंग्रजी बालवाडीपासून शिकवलेलं.

आई चहा गाळत होती. तिने मान न वळवता विचारलं, "काय म्हनल्या गं?"

"घर छान ठेवलंय म्हणाल्या."

आई खूश झाली. तिने प्रत्येक बशीवर आणखी एकेक काजू ठेवला.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या. शहरातल्या अशाच काही निवृत्त मंडळींचा एक ट्रस्ट आहे. बारावीनंतर सरकारी विद्यापीठात जाणाऱ्या, मार्क चांगले पण परिस्थिती बेताची अशा मुलांना तो दरवर्षी शिष्यवृत्ती देतो. मार्क त्यांनी कागदावर पाहिले होते. परिस्थिती बघायला ते घरी आले होते.

पुण्याच्या विद्यापीठात माझा नंबर लागला होता. फी फार नव्हती, पण हॉस्टेल आणि मेसचा खर्च होता. सरकारची शिष्यवृत्तीही मिळणार होती, फक्त ती वर्ष उलटून गेल्यावर येते असं आधीच्या मुली सांगायच्या. तोवर खायचं काय, याचं उत्तर हा ट्रस्ट होता. तो नाही म्हणाला, तर मी इथल्याच कॉलेजात जाणार, हे घरात ठरून गेलं होतं. कोणी भांडलं नाही, रडलं नाही. पप्पांनी एकदा विचारलं, इथलं कॉलेज पण चांगलंच आहे ना, आणि मी हो म्हणाले.

तो सगळा उन्हाळा दाखले काढण्यात गेला. एका खिडकीत मी हुशार आहे हे दाखवायचं आणि दुसऱ्या खिडकीत गरीब आहे हे. सर्व्हर बंद, साहेब जेवायला गेलेत, झेरॉक्स पुसट आलीय. शेवटी शेवटी मला स्वतःचं नाव सांगायचासुद्धा कंटाळा यायला लागला होता. आणि दर ठिकाणी कोणीतरी शाळेचं नाव वाचून वर बघायचंच. सावेडीतल्या महागड्या इंग्लिश मीडियमची मुलगी, हिला कशाला मदत? पप्पा त्याच शाळेची बस चालवतात, म्हणून मला तिथे निम्म्या फीत घेतलं होतं. हे एका वाक्यात सांगता येतं. मी ते कधी सांगत नसे. शाळेत घराबद्दल बोलायचं नाही आणि गल्लीत शाळेबद्दल बोलायचं नाही, अशी सवय लागली की माणूस हळूहळू कशाबद्दलच बोलेनासा होतो.

सरांचा फोन गुरुवारी आला. शनिवारी घर बघायला येतो म्हणाले. आईच्या लेखी त्यातलं 'येतो' तेवढंच महत्त्वाचं होतं. ती श्रीगोंद्याकडची. तिच्या माहेरी दारात आलेल्याला नुसतं पाणी देऊन कोणी परत पाठवत नाही. शुक्रवारपासून ती कामाला लागली. समोरच्या काकूंकडून गादीच्या खुर्च्या आणल्या, टीपॉय आणला, सोनेरी काठाचे कप आणले. दारातलं पिको-फॉलचं मशीन ओढून स्वयंपाकघरात नेलं आणि गिऱ्हाइकांच्या साड्यांची गाठोडी कॉटखाली सरकवली. त्या मशीनवर आमची मेथी-कोथिंबीर आणि दूध चालतं. आईच्या मते तो पसारा होता.

खुर्च्या देताना काकूंनी विचारलं, "मुलगी बघायला येतायत का? सांगा तरी, मी साडी बदलून येते."

"पोरीची शिष्यवृत्ती बघायला येत्यात," आई म्हणाली.

"म्हणजे तेच की. पसंत पडली पाहिजे."

दोघी हसल्या. मी एक खुर्ची उचलून घरी आले. रात्री आईला म्हटलं, मम्मी, ते आपली परिस्थिती बघायला येतायत, आहे तसंच राहू दे ना.

"म्हनून काय फाटक्या सतरंजीवर बसवू? शिकलेली मानसं हायती," ती म्हणाली. पप्पा जागे असते तर कदाचित तिच्याशी बोलले असते. पण शनिवारी ते शाळा सुटल्यावर शनिशिंगणापूरच्या भाविकांची गाडी मारतात, आणि शुक्रवारी रात्री ते लवकर झोपतात.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. सरांनी चौकशी केली, पुण्यात कोणी नातेवाईक आहेत का, पुढे काय करायचंय. मी एकेका शब्दात उत्तरं दिली. ते चांगले होते, माझ्या उत्तरांची वाट बघत होते. मॅडम खोलीवरून नजर फिरवत होत्या. पडदा, टीपॉय, हातातला कप. त्यांचंही चुकत नव्हतं. समोर जे मांडलंय तेच माणूस बघणार.

आई पदर सावरत चौकटीशी येऊन उभी राहिली. सरांनी विचारलं, "ताई, घरचं कसं भागतं?"

"देवाच्या दयेनं सगळं हाय," आई म्हणाली. "पोरीला आजपोतर कशाची कमी पडू दिली न्हाई."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. मामाच्या गावाला ते आमटीत पाणी वाढवतानाही म्हणतात. ऐकणाऱ्याने त्यातलं काय घ्यायचं हे तिथे सगळ्यांना कळतं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"बरंय मग, निघतो आम्ही," सर उठत म्हणाले. "अजून दोन घरं करायचीत. यंदा अर्ज फार आलेत, बाळ. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांचा आधी विचार करावा लागतो." ते माझ्याकडे न बघता चपला शोधत होते.

"थांबा, कुंकू लावते," आई मॅडमना म्हणाली आणि आत जाऊन कोयरी घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पाहुण्यांचं सगळं नीट झालं होतं, शिरा संपला होता.

माझ्या घशाशी एक वाक्य इंग्रजीत तयार होतं. शाळेत शिकवलेलं असतं तसं, नम्र, व्यवस्थित. ते बोलले असते तर आईला काही कळलं नसतं. पोरगी पाहुण्यांना इंग्रजीतून निरोप देतेय असं वाटून तिला उलट कौतुकच वाटलं असतं. आणि मॅडम गेल्यावर तिने पुन्हा विचारलं असतं, काय म्हनली गं, आणि मी पुन्हा काहीतरी सांगितलं असतं. एवढं सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मला फार थकल्यासारखं झालं.

आईचं बोट मॅडमच्या कपाळापाशी होतं.

"मॅडम, आम्हाला गरज आहे," मी मराठीत म्हणाले. "यातलं काही आमचं नाही. तुम्ही येणार म्हणून मम्मीने शेजारून मागून आणलंय. आमच्याकडे आलेल्या माणसाला असंच बसवतात."