दूधकट्ट्यावरचा दुसरा ग्लास

बायको गेल्यावर सकाळी घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून मी मैदानावर जाऊ लागलो. जीव खाऊन पळायचं, धाप ओसरेपर्यंत चालायचं, पुन्हा पळायचं. काही महिन्यांत दम वाढला, पोट उतरलं, पँट कमरेवर ठरेना. पण बघणार कोण? आरशाला डोंबल कळतंय!

परतताना दूधकट्ट्यावर एक ग्लास प्यायचो. एकदा समोरच म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देताना गवळी म्हणाला, "पावणं, लईच वाळलासा की! आजारी हायसा काय?"

मला हसू आलं. कुणीतरी नीट बघितलं होतं.

मी आणखी एक ग्लास मागितला. पोट तुडुंब भरलं होतं, पण रिकामा ग्लास परत दिला की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणार होता.