तिसऱ्या कपाटाचे काका

हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी ते ‘बरणीवाले काका’च. प्रयोगशाळेतले सहायक. अमिबा, पॅरामिशियम, युग्लिना असले नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारे जीव त्यांनी तीस वर्षं बरण्यांत जिवंत ठेवले. वाळकं गवत उकळायचं, ते पाणी गाळून गार करून बरणीत ओतायचं, दर सोमवारी गव्हाचा एकेक उकडलेला दाणा टाकायचा. सोमवारी सुट्टी आली तरी काका हजर. राहायचेच प्रयोगशाळेमागच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं. बोलायचे ते बहुतेक बरण्यांशी.

पूर्वी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन वेगळे विभाग होते आणि दोघांत विस्तव जात नसे. युग्लिना हिरवी, उजेडात स्वतःचं अन्न बनवते, म्हणून ती वनस्पती. पण ती पोहते, अंधारात ठेवली तर पाण्यातलं तयार अन्न घेते, म्हणून प्राणी. दोन्ही याद्यांत तिचं नाव, बरणी मात्र एकच! तपासणीच्या दिवशी काका ती सकाळी एका विभागात मांडायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराने दुसऱ्यात न्यायचे. एकदा साहेबांनी त्यांना बरणीसकट जिन्यातच गाठलं. काका म्हणाले, “साहेब, हिची आत्ताच बदली झालीय.”

पुढे दोन्ही विभाग एक झाले आणि भांडणातला सगळा माल तिसऱ्या कपाटात गेला. वर चिठ्ठी लागली, ‘प्रोटिस्टा’. मी विभागप्रमुख झाले तेव्हापासून ते कपाट माझ्या डोळ्यांत खुपत होतं. पेशीत केंद्रक आहे, पण जे वनस्पती नाहीत, प्राणी नाहीत, बुरशीही नाहीत, त्या सगळ्यांची तिथे मोट बांधलेली. हा काय गट झाला? हिरवं शेवाळ झाडांच्या नात्यातलं, काही एकपेशीय जीव प्राण्यांच्या जवळचे, आणि समुद्रातलं पुरुषभर लांब तपकिरी शेवाळ या दोघांपासून लांबचं. एकमेकांशी घेणंदेणं नसलेले सगळे एका फळीवर, का, तर दुसरीकडे कुठे बसत नाहीत म्हणून. मला एखादी गोष्ट खटकली की मी गप्प बसत नाही.

काका निवृत्त व्हायला महिना उरला होता. मी म्हटलं, “काका, जाण्याआधी हे कपाट मोडू या. प्रत्येकाला त्याच्या खऱ्या गणगोतात नेऊन ठेवायचं.”

“म्हणजे सगळ्यांची सोय लागणार?”

“हो.”

“बरं झालं त्यांचं,” काका म्हणाले आणि बरणी पुसायला लागले.

निवृत्तीबरोबर त्यांची खोलीही जाणार होती. मी विचारलं, कुठे राहणार?

“दादा म्हणतो, ताईकडे जा, तिला सोबत होईल. ताई म्हणते, माझं सासरचं घर, तू आपला दादाकडेच बरा.” ते हसले. “दोघंही अगदी प्रेमाने बोलतात हो.”

युग्लिनासाठी दोन विभाग हमरीतुमरीवर आले होते. या माणसाला सख्खी भावंडं एकमेकांच्या दारात ढकलत होती. मला फार वाईट वाटलं. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून माझ्या घरात एक खोली रिकामी होती. ओठांवर आलंही होतं. म्हटलं, उद्या बोलू.

तो उद्या महिनाभर येत राहिला. काका स्टुलावर चढून बरण्या उतरवायचे, मी सांगेन तशी नवी चिठ्ठी डकवायचे. शेवटच्या दिवशी तिसरं कपाट रिकामं झालं. टेबलावर मात्र एक बरणी उरली होती. मागच्या हौदात काकांना सापडलेला एक जीव तिच्यात होता, आणि तो कुठल्याच तक्त्याशी जुळत नव्हता.

“टाकून द्या ती,” मी म्हटलं. “तिचं कुठेच काही जुळत नाही.”

काकांनी बरणी दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी ठेवली. “जुळेल कधीतरी. तोवर खायला तर लागेल ना, मॅडम? सोमवारी एक दाणा. जास्त नको, पाणी नासतं.”

खाली त्यांची पत्र्याची ट्रंक तयार होती. मी पुन्हा विचारलं, “मग कुठे जायचं ठरलं?”

“आज दादाकडे जातो. पुढचं बघू,” ते म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले. मी हात हलवला. खोलीचं बोलले नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. खिडकीतल्या बरणीत मी दर सोमवारी न चुकता एक दाणा टाकते. काकांना अजून एकदाही फोन केलेला नाही.