सुरगाण्याच्या चढावर साधे पेट्रोल

जानेवारीतल्या एका गार सकाळी आम्ही नाशिक सोडले, तेव्हा पिकअपच्या हौद्यात एक जुनी, पण सुस्थितीतली एटीव्ही पट्ट्यांनी आवळून बांधलेली होती. चार रुंद चाकांची ही गाडी शेतात, ओढ्यात, डोंगरउतारावर कुठेही चालते. फक्त डांबरी रस्त्यावर तिला परवानगी नाही. पिकअपचे चालक बाळूकाका आरशातून तिच्याकडे पाहत म्हणाले, "मॅडम, नवरदेवाला घोडा लागतो तसं हिला माझी पिकअप. वरात कुठवर न्यायची?"

"बोरगावच्या पुढे. एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर)."

शेतीची अवजारे सुधारणाऱ्या एका लहान कंपनीत मी अभियंता आहे, आणि हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. त्या पाड्यावरच्या बायकांचा गट ओढ्याकाठी स्ट्रॉबेरी पिकवतो. तोडलेले फळ मुरमाच्या खड्या वाटेने वर रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि ते डोक्यावरून येते. गटाला ही गाडी घ्यायची होती. चाचणी मी करायची आणि निर्णय त्याच दिवशी गटाने घ्यायचा, असे ठरले होते.

दिंडोरीच्या द्राक्षबागा मागे पडल्या. वणीला चहासाठी थांबलो तेव्हा समोर सप्तशृंगीचा डोंगर अजून धुक्यात होता. बाळूकाकांनी हौद्यातल्या कॅनकडे बोट दाखवले.

"यात काय स्पेशल?"

"शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. गाडीच्या टाकीतही तेच आहे."

"म्हणजे जादा पावर."

"नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते. त्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेलं मिश्रण आपणहून भडकलं, तर इंजिन ठोके देतं. हे असं, टक्‌टक्. ऑक्टेन जास्त असलं की दाब सोसला जातो."

"आमच्या घरच्यांसारखं. कितीही दाबा, भडकत नाही."

"तुमच्या घरी येऊन विचारते एकदा."

"नको नको," काका घाईने म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला.

खरे तर या इंजिनाला साधे पेट्रोल पुरेसे असायला हवे. गाडीच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिले आहे, पण ते अमेरिकी माप. आपल्या मापात ते साधारण ९१ होते, म्हणजे पंपावरचे नेहमीचे पेट्रोल. तरीही नाशिकच्या चाचणीत फळांच्या बारा क्रेटएवढ्या वजनाने गाडी चढाला लागली, तेव्हा ठोके ऐकू आले. इंजिन जुने, आत काजळी धरलेली. शंभर ऑक्टेन भरल्यावर ठोके थांबले. कारण सापडले, उपाय सापडला. मी समाधानाने टाकी भरून घेतली होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन वर आले होते. बाळूकाकांनी पिकअप मागे घेत शेताच्या बांधाला भिडवली आणि गाडी सरळ बांधावर उतरली. मागचे चाक मात्र बांधावरून घसरले आणि वाफ्यातल्या कांद्याच्या पातीवर गेले. मी ओशाळले. ज्यांचा कांदा होता त्या हिराबाई, गटाच्या प्रमुख, हसल्या. "राहू द्या ताई. आज पातीची भाजी करू."

आणि खरेच केली. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि ती पात. जेवताना हिराबाई मान न वळवता सगळे अंग वळवून बोलत होत्या. मानेचा मणका दुखावला होता. डॉक्टरांनी ओझे बंद करायला सांगितले होते.

"मग बंद केलं?" मी विचारले.

"डॉक्टर येतो का क्रेट उचलाया?" शेजारच्या संगीताने परस्पर उत्तर दिले. ही गटातली सगळ्यांत तरुण. ओझे बंद झाले नव्हते. गाडी कोणाला सर्वांत जास्त हवी आहे, हे मला तिथेच कळले.

जेवणानंतर खाली ओढ्यापाशी बारा क्रेट लादले आणि मी निघाले. मुरूम उडाला, वळणावर गाडी किंचित हलली, पण इंजिनाने एकही ठोका न देता सगळा चढ पार केला. वर बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने गाडीला हळद लावावी असेही सुचवले.

हिराबाई टाकीजवळ आल्या. "ताई, हिच्यात पेट्रोल कुठलं हाय?"

"नाशिकचं. जरा वरच्या दर्जाचं."

"आमच्या सुरगाण्याच्या पंपावर मिळतं?"

"नाही."

"मग आमी काय भरायचं?"

मी तयारच होते. महिन्यातून एकदा नाशिकहून कॅन मागवता येईल, असे सांगू लागले. बोलता बोलता ते मलाच पटेनासे झाले. पेट्रोलचे कॅन दर महिन्याला ऐंशी-नव्वद किलोमीटर आणणार कोण?

"ताई, राग नका मानू," हिराबाई म्हणाल्या. "आमी बैल घेतो ना, तर विकणारा त्याला महिनाभर सरकीची पेंड चारतो. बैल कसा चकाकतो! म्हणून आमी आठ दिवस आमच्याकडं बांधतो. आमच्या पेंढ्यावर (भाताच्या काडावर). मग औताला जुंपून बघतो. तुमचा बैल पेंडीवर हाय."

बाळूकाका खाकरले आणि दुसरीकडे पाहू लागले. मी कोणाला फसवायला आले नव्हते. पण चाचणी यशस्वी व्हावी म्हणून टाकीत जे ओतले होते, ते या चढावर पुन्हा कधीच ओतले जाणार नव्हते. इंजिनाचा प्रश्न मी अचूक सोडवला होता. चढाचा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

"टाकी रिकामी करूया," मी म्हणाले.

नळीने टाकीतले पेट्रोल कॅनमध्ये काढले. हिराबाईंच्या यजमानांच्या मोटरसायकलमधून सुरगाण्याच्या पंपावरचे तीन लिटर घेतले. पुन्हा बारा क्रेट. दुसऱ्याच वळणावर ठोके सुरू झाले, अगदी स्पष्ट. मी थांबले. खाली उभ्या हिराबाईंचा हात मानेकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्यानंतरचे दोन तास मी तो चढ पुन्हा पुन्हा मोजला. वरच्या गिअरमध्ये इंजिन मंद फिरते, भार अंगावर येतो आणि ठोके पडतात. खालच्या गिअरमध्ये ते मोकळे फिरते. दहा क्रेटला हलके ठोके. आठ क्रेट, खालचा गिअर, माणसाच्या चालीएवढा वेग: शांत. मी तीनदा खात्री केली.

"बारा नाही, आठ," मी सांगितले. "वेळही जास्त लागेल. आणि पावसाळ्यात या वाटेवर काय होईल, ते मला आज सांगता येणार नाही."

"आठ म्हंजी आठ बायांचं वझं," संगीता म्हणाली. "मला शिकवा चालवायला."

पुढची फेरी तिने मारली. मी बाजूने चालत गिअर सांगत होते. हिराबाई गाडीच्या मागून येत होत्या. डोक्यावर काहीच नव्हते, तरी सवयीने एक हात वर जाई, हवेत थांबे आणि खाली येई. शेवटी त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले.

गटाने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. गाडी आठ दिवस पाड्यावर राहील, साध्या पेट्रोलवर, मग ठरवू, असे झाले. सकाळी अशा निकालाला मी अपयश म्हटले असते.

परतीच्या वाटेवर वरिष्ठांचा फोन आला. बाराचे आठ का झाले, हे त्यांना पटेना. "योग्य इंधन दिलं तर बारा येतात ना?" त्यांनी विचारले.

"नाशिकमध्ये येतात, सर," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मीही फोन मांडीवर ठेवला. महाविद्यालयात आम्हाला इंजिन पाहून इंधन निवडायला शिकवले होते, आणि ते शिक्षण चुकीचे नव्हते. पण इंजिनाच्या पलीकडे एक वाट असते, एक पंप असतो, आणि दुखऱ्या मानेचे एक माणूस असते. माझ्या आकडेमोडीत ही तिन्ही नव्हती. वणीच्या अलीकडे मी अहवाल उघडला. क्षमतेसमोरचे बारा खोडून आठ केले आणि इंधनाच्या रकान्यात लिहिले: साधे पेट्रोल, सुरगाणा पंप.